दर दहा घड्यांनी बाजू बदलणे

१२ फेब्रुवारी

आणि हुकांचे पैसे तर मी मुळीच देणार नाही. कापड वाया गेलं म्हणतोस, म्हण. तीन वर्षं म्हणतोयस, आणखी तीन म्हण, तोंड तुझं आहे. पण हुक? साठच्या साठ हुक तू उसवून नव्या पडद्याला लावले असणार. तू तुटलेलं बटण फेकत नाहीस, हुक फेकशील? मग ते माझ्या नावावर कसे?

हे दादाला आहे. दादा म्हणजे थोरला भाऊ. बाबांनंतर शिवणकामाचं दुकान तोच चालवतो. तीन वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा आमच्याकडे शिवायला आला होता. चुण्या मी घातल्या. पडदा टांगला, दोन्हीकडून ओढला, तर मधे खालच्या अंगाला वीतभर फट. मी म्हटलं, रूळ वाकडा आहे. दादा म्हणाला, हात वाकडा आहे. मी डावखुरा आहे, त्यामुळे हे तो केव्हाही म्हणू शकतो. त्याच आठवड्यात मी घर सोडलं. त्याने नवं कापड आणून अख्खा पडदा पुन्हा शिवला, हे खरं आहे. पण रूळ तपासला का? नाही.

आज वहिनीच्या फोनवर त्याचा निरोप: "विचार त्याला, अजून रूळच का?"

अजून रूळच.

दादाशी फोनवर भांडता येत नाही. तो मशीन चालवत बोलतो, आणि आपलं म्हणणं जोरात आलं की टाच दाबतो. म्हणून हे वहीत लिहायला घेतलं. वही मी कामाला आहे त्या घडीखात्याची आहे, पाणी सांडून फुगली म्हणून बाद झाली. मुकादम म्हणाला, "ने. तुझ्या अक्षराला हीच बरी."

१५ फेब्रुवारी

वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्ही तिकडे नक्की करता तरी काय? लोक विचारतात, मी आपलं सांगते, यंत्राचं काहीतरी."

यंत्राचं काही नाही. मी घड्या घालतो. शिडाच्या. जहाजाला असतं तसंच शीड, पण हे आकाशात जातं आणि उजेडावर चालतं. सूर्याचा उजेड त्याला ढकलतो. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी भर दुपारी अर्धा तास उन्हात उभा राहून पाहिलं. जागचा हललो नाही. वरच्या मजल्यावरच्या गणितबाई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "तू जड आहेस." शिडाचं कापड कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतं, तोंड आरशासारखं, पाठ काळी. आम्ही त्याला पापुद्राच म्हणतो.

एवढा मोठा पापुद्रा उघडा वर नेता येत नाही, म्हणून घड्या. तीस पावलं लांब टेबल, दोन टोकांना दोघं. डाव्या टोकाला मी, उजव्या टोकाला बगळा. बगळा पन्नाशीचा आहे, उंच आहे आणि एका पायावर भार देऊन उभा राहतो. तोंडावर मी त्याला काका म्हणतो. घडी म्हणजे ओढायचं, जुळवायचं, दाबायचं. दाबायला प्लॅस्टिकची पट्टी दिली आहे. मी अंगठ्याने दाबतो. पट्टीला कापड कळत नाही.

भिंतीवर पाटी आहे: दर दहा घड्यांनी बाजू बदलणे. का, ते लिहिलेलं नाही. बदलायची तर टेबलाच्या कडेने जायचं नाही, धूळ उडते. दाराबाहेर जायचं, डगला उतरवायचा, टोपी उतरवायची, व्हरांड्यातून वळसा घालून दुसऱ्या दाराशी नवा डगला, नवी टोपी, नवे मोजे, आणि हवेच्या झोताखाली दीड मिनिट हात वर करून उभं राहायचं. एकूण बारा मिनिटं. मुकादम संध्याकाळी घड्या मोजतो, ही बारा मिनिटं मोजत नाही. म्हणून आम्ही बदलत नाही. नोंदवहीत "बाजू बदलली" लिहायचं, दोघांनी सही करायची. गेल्या वर्षी सगळ्यांत जलद जोडी म्हणून आम्हाला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. दोघांत एक. ते बगळ्याकडे आहे. माझ्या खोलीत खिळा नाही.

१९ फेब्रुवारी

गणितबाई आज खाली आल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "तासभर एक माणूस द्या. हुशार नको, हुशार वाद घालतात." मुकादमाने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, नुसता अंगठ्याने दाखवला.

बाईंचं काम शिडाची वाट आखायचं. कुठल्या दिवशी किती तिरपं धरायचं म्हणजे ते कुठे जाईल, हे त्या कागदावर ठरवतात, आणि कागद पटेनासा झाला की हॉलमध्ये येतात. तिथे फरशीवर चिकटपट्टीचे गोल आहेत, एकात एक. मधे स्टुलावर दिवा. दिवा म्हणजे सूर्य. मला बाहेरच्या गोलावर उभं केलं, हातात पुठ्ठा दिला. म्हणाल्या, "तू धाकटी."

धाकटी म्हणजे आमचं लहान शीड, दोन वर्गखोल्यांएवढं. सव्वा वर्षापूर्वी वर गेलं. त्याच्या तीनशे चाळीस घड्या मी आणि बगळ्याने घातल्या. थोरली मैदानाएवढी आहे, ती आत्ता टेबलावर आहे. धाकटी ज्या वाटेने सुखरूप जाईल त्याच वाटेने थोरलीला पाठवायचं, असं ठरलेलं आहे.

"पुठ्ठा तिरपा धर. आणखी. हां, आता चाल. एक पाऊल म्हणजे पाच दिवस."

मी चाललो. प्रत्येक फेरीला गोल लहान होत गेला.

"बाई, आपल्याला त्या भिंतीकडच्या ग्रहावर जायचंय ना?"

"हो."

"मग आपण दिव्याकडे का चाललोय?"

"लवकर पोचायचंय म्हणून." आणि हुशार नसलेल्या माणसाला सांगतात तसं त्यांनी सांगितलं. इथून थेट निघालं तर उजेड बेताचा, ढकलणंही बेताचं, पोचायला नऊ वर्षं. त्यापेक्षा शीड तिरपं धरून आधी वेग घालवायचा, आत पडत जायचं. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट, चौथाई झालं की सोळापट. तिथे तोंड पुरतं सूर्याकडे करायचं आणि मग जो धक्का बसेल तो घेऊन बाहेर. अडीच वर्षं.

"आणि तिथे पाठ फिरली सूर्याकडे तर?"

"पाठ काळी आहे. तीन मिनिटांत करपेल."

मी पुठ्ठा घट्ट धरला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सरळ चाल, तू सारखा डावीकडे सरकतोयस."

"मी सरळच चालतोय. फरशीला उतार आहे."

बाईंनी फरशीवर एक पेन्सिल ठेवली. ती जागची हलली नाही. मग त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझा अंगठा रुतून त्याची एक कड मुडपली होती. दुसरा पुठ्ठा दिला.

३ मार्च

धाकटी खरंच एका अंगाला ओढते आहे म्हणे. रोज थोडी वळते, रोज तिला सरळ करावं लागतं. का, ते कोणाला कळत नाही. बाईंच्या कागदावर त्या ओढीचा एक आकडा आहे, त्याला त्या पाहुणा म्हणतात. "आलाय, बसलाय, उठायचं नाव नाही, आणि कोणाकडचा ते कोणी सांगत नाही."

आत्ता ही ओढ बोटभर आहे. सूर्याजवळ सोळा बोटं होईल. मग धाकटी सावरायची नाही, पाठ फिरेल आणि करपेल. वरच्यांनी ३० मार्चची मुदत दिली आहे. तोवर पाहुण्याचा पत्ता लागला तर जवळची वाट. नाहीतर धाकटीला आत्ताच वळवून लांबच्या वाटेने काढायची, आणि मग थोरलीही त्याच वाटेने.

मुकादम म्हणाला, "बाईंची चार वर्षं राहिलीत नोकरीची. बावीस वर्षं ही जवळची वाट घासतायत. नऊ वर्षांनी शीड पोचेल तेव्हा त्या घरी झाडांना पाणी घालत असतील."

मी म्हटलं, "झाडांना पाणी घालणं काही वाईट नाही."

"मग तू घाल," मुकादम म्हणाला.

११ मार्च

वहिनीचा फोन. आई बरी आहे. कंबर तशीच. आईची खाट आता दुकानाच्या मागच्या अंगाला आणली आहे, मधे आडोशाला पडदा लावलाय.

"कुठला पडदा?"

"तुमचाच की. सभागृहाचा, जुना. दोन्ही पदर."

"तो टाकला नाही?"

"तुमचे दादा कधी काही टाकतात का? मिटत मात्र नाही मेला. खाली वीतभर फट राहतेच. डाव्या काठाच्या चुण्या आखडल्यात, उजव्याच्या सैल. मी म्हटलं, उसवून नीट करते. तर आई अंगावर आल्या. म्हणाल्या, राहू दे, मला खाटेवरून रस्ता दिसतो."

रस्त्यात बघण्यासारखं काय आहे, आईच जाणे. आमच्या दुकानासमोर एक पंक्चरवाला आहे आणि बसचा थांबा.

मी विचारलं, दुकानात रूळ कसला बसवला. वहिनी म्हणाली, रूळ कुठला, दोरी बांधलीय. म्हणजे दोरी वाकडी बांधली असणार.

मग हुकांचं विचारलं. हुक जुन्या पडद्यालाच आहेत. म्हणजे नव्या पडद्याला दादाने हुक नवे घेतले. हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही. यावर विचार करायला हवा. आज नको.

वहिनी असंही म्हणाली की दादा माझं मशीन रोज झाकून ठेवतो आणि रविवारी त्याला तेल घालतो. विकायचा विचार दिसतोय. तेल घातलेल्या मशीनला भाव चांगला येतो.

२१ मार्च

बाई आज घडीखात्यात आल्या. मी आणि बगळा पापुद्रा धरून उभे होतो, सोडता येत नव्हता, त्यामुळे सगळं ऐकलं.

त्या मुकादमाला म्हणाल्या, "एक शंका आहे. सगळ्या घड्या एकाच टोकाने एकाच हाताने दाबल्या, तर तो काठ कायमचा थोडा आखडेल. उघडल्यावर तिथे उजेड वेगळा लागेल. माझी ओढ तशीच आहे, एका काठाची."

मुकादम म्हणाला, "शक्यच नाही. म्हणून तर बाजू बदलायचा नियम आहे." आणि नोंदवही काढली.

तेव्हा मला त्या पाटीचं कारण कळलं. अडीच वर्षं तिच्याखाली डगला टांगतोय.

धाकटीच्या पानांवर चौतीस वेळा "बाजू बदलली" आहे. चौतीस वेळा माझी सही, चौतीस वेळा बगळ्याची. बाईंनी एकेका ओळीवर बोट ठेवलं. माझ्या सहीवर बोट आलं की मला अंगठ्यात कळायचं.

"वही स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे घड्यांचा दोष नाही. मग उरली शिडाची दांडी. ती सैल झाली असणार, उन्हात आणखी होईल. अशीला जवळ नेता येणार नाही." त्यांनी हातातल्या कागदावर उभी रेघ मारली आणि पेन्सिल कानामागे ठेवली. दार हळूच लावून गेल्या.

मी आणि बगळ्याने एकमेकांकडे पाहिलं नाही. टेबल तीस पावलं लांब आहे, न बघणं सोपं जातं.

खोलीवर आलो. पडदा दोरीवरही वाकडा लटकतो, हे मला जेवताना आठवलं. जेवण तसंच राहिलं.

२२ मार्च

बगळा व्हरांड्यात म्हणाला, "तू तोंड उघडायचं नाहीस."

"काका, पण दांडी सैल नाहीये."

"तू दांडीचा डॉक्टर आहेस? खोटी सही म्हणजे दोघांना घरी. तुझं काय, तू सडाफटिंग. माझ्या मुलीचं शेवटचं वर्ष आहे शिक्षणाचं."

"मी तरी घरी कुठे जाणार? तिकडे दादा आहे."

"मग झालं तर. दोघांचं एकमत आहे."

मला हे एकमत वाटलं नाही. पण मोडूनही काढता आलं नाही.

२४ मार्च

घड्या एकोणीस. दहावीनंतर मी दाराकडे निघालो. बगळा ओरडला, "कुठे?"

"बाजू बदलायला."

"आता?"

खरंच, आता काय. थोरलीच्याही दोनशे घड्या तशाच झाल्या आहेत. परत येऊन उभा राहिलो. मुकादमाने संध्याकाळी विचारलं, एकोणीसच का? मी म्हटलं, पोट दुखतंय.

बोललो तर इथलं काम जातं. काम गेलं की एकच बस आहे, आणि ती दुकानासमोर थांबते. दादा मशीनवरून मान वर करून म्हणणार, काय, इथेही रूळच का?

न बोललो तर बाई झाडांना पाणी घालणार.

२६ मार्च

बाई हॉलमध्ये फरशीवरच्या चिकटपट्ट्या नखाने सोडवत होत्या. आतले तीन गोल निघाले होते.

मी म्हटलं, "बाई, दांडी ठीक आहे."

"तुला काय माहीत?"

"बाजू बदलली नाही."

"कुठल्या घडीला?"

"कुठल्याच."

त्या फरशीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "तू नाही बदललीस. आणि जोडीदाराने?"

"त्याने बदलली. त्याचा काही दोष नाही."

"टेबलाला दोन टोकं आहेत. तू डावीकडेच राहिलास आणि तो डावीकडे आला, तर उजवीकडे कोण होतं?"

याचा मी विचार केला नव्हता. म्हटलं, "तो यायचा. मी त्याला परत पाठवायचो."

"चौतीस वेळा?"

"तो भिडस्त आहे."

बाईंनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. चेहरा हलला नाही. मी रागावण्याची वाट बघत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "अंगठा दाखव." मी दाखवला. त्यांनी पट्टीने त्याची रुंदी मोजली, मग कानामागची पेन्सिल काढून लिहिली. म्हणाल्या, "पाच महिने पाहुणा पाहुणा म्हणून शोधतेय. हा तर घरचा निघाला."

मी सोडवलेल्या पट्ट्या परत चिकटवायला मदत केली. नीट चिकटल्या नाहीत. धूळ लागली होती.

२९ मार्च

तीन दिवस पापुद्र्याच्या पट्ट्या दुमडतोय. चाळीस माझ्या अंगठ्याच्या, चाळीस मुकादमाच्या प्लॅस्टिकच्या. बाई त्या उघडून दिव्याखाली टांगतात आणि मोजतात. माझ्या चाळीसही एकीकडे कलतात. अडतिसावी तरी सरळ येईल असं वाटलं होतं.

संध्याकाळी आकडा जुळला. मी विचारलं, "पण आता काय उपयोग? घड्या तर वर गेल्या."

"बाजू बदलायची," बाई म्हणाल्या.

"कोणी?"

"धाकटीने. हातावर ताट गोल फिरवतो तशी फिरवायची. तोंड सूर्याकडेच, फक्त डावा काठ उजवीकडे जाईल. ओढ आहे तेवढीच राहील, पण अर्धा वेळ इकडे, अर्धा वेळ तिकडे. फिटंफाट."

"मग हे आधी का नाही केलं?"

"दांडी सैल असती तर फिरवताना मोडली असती. कारण ठाऊक नसताना हात लावायचा नसतो."

"किती दिवसांनी बदलायची?"

त्यांनी कागद पाहिला. "सध्या दर दहा दिवसांनी. जवळ गेल्यावर तासातासाला."

पाटी खालच्या मजल्यावर आहे, पण मला पाठ आहे.

३० मार्च

जवळच्या वाटेला मंजुरी मिळाली. मला मुकादमाने बोलावलं. रागावला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "सगळ्यांत जलद जोडी. मीच चिठ्ठी लिहिली होती बक्षिसाची." मग बराच वेळ नोंदवहीची पानं सरळ करत बसला. टेबलावरून मला काढलं. जूनअखेरपर्यंत गोदामात खोकी ठोकायची, पुढे बघू. बगळ्याला नुसती समज दिली. भिडस्तपणा कमी कर म्हणून.

२ एप्रिल

बगळा गोदामात आला. काखेत घड्याळ, हातात एक खिळा. दोन्ही खोक्यावर ठेवलं.

"काका, घड्याळ पुढे आहे."

"बारा मिनिटं. पहिल्यापासूनच."

एवढंच बोलून गेला. खिळा चांगला लांब आहे.

१७ एप्रिल

थोरलीचा निकाल लागला. तिच्या दोनशे दहा घड्या माझ्या अंगठ्याने डाव्या काठाला आखडल्या आहेत. पापुद्र्यावरची घडी पुसता येत नाही. म्हणून बाईंनी वरून लेखी हुकूम आणला. मुकादमाने तो मला उभं करून वाचून दाखवला: पुढच्या दोनशे दहा घड्या याच कामगाराने उजव्या टोकाला उभं राहून, त्याच अंगठ्याने, तेवढ्याच जोराने घालाव्यात.

"समजलं?" मुकादम म्हणाला. "तेवढीच चूक कर. जास्त नको, कमी नको."

आजवर पुष्कळ चुका केल्या, पण हुकूम हातात घेऊन ही पहिलीच. आणि अवघड आहे. मुद्दाम करायला गेलं की घडी सरळ येते. पहिल्या चार बाईंनी नापास केल्या. मग मी दादाशी मनात भांडत दाबायला लागलो, तेव्हा बरोबर यायला लागल्या.

बगळा आता डाव्या टोकाला. तिकडचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणतो. मी अडीच वर्षं तिथे उभा होतो, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

११ मे

दादाला सांगायचं ठरवून फोन केला. त्यानेच उचलला. मागे मशीन चालू.

"दादा."

"कोण?"

"मी."

मशीन थांबलं. मला त्याची सवय नाही. जे बोलायचं होतं ते राहिलं आणि तोंडातून आलं, "पडद्याचं कापड काय भावाने आणलं होतंस तेव्हा?"

"कशाला? पडदा लावायचाय?"

"नाही. सहज."

इतक्या दूरच्या फोनला मिनिटाचे किती पडतात हे दोघांना ठाऊक आहे, तरी कोणी ठेवेना.

"जेवलास का?" दादा म्हणाला.

"हो."

"काय?"

खरं तर जेवलो नव्हतो. काय सांगावं ते ठरेपर्यंत फोन तुटला.

३० मे

दोनशे दहा पूर्ण. शेवटची बाईंनी स्वतः मोजली. म्हणाल्या, "वाकडी आहे. उत्तम." परत खोक्यांवर.

२ जून

आज धाकटी सूर्याच्या सगळ्यांत जवळून जायची होती. वरच्या खोलीत मोठी माणसं जमली होती, मला कोणी बोलावलं नव्हतं. सूर्याजवळ तिचा आवाज ऐकू येत नाही म्हणे, अकरा तास. मी सकाळपासून खिळे ठोकत होतो. अंगठ्यावर दोनदा हातोडी बसली. इतकं झालं तरी त्याला काही होत नाही.

दुपारी चारला बाई गोदामात आल्या आणि खोक्यावर बसल्या. मी ते खोकं नुकतंच ठोकलं होतं, पण बोललो नाही.

"निघाली," त्या म्हणाल्या.

"तोंड?"

"सूर्याकडेच होतं. तासातासाला बाजू बदलली. एकदाही चुकली नाही."

"कोणी सही केली?"

बाई हसल्या. त्यांना हसताना मी प्रथम पाहिलं. थोड्या वेळाने डोळे पुसले, गोदामात भुसा फार उडतो.

"तुझं घर इथून किती लांब?"

"दोन दिवस आणि एक रात्र. बसने."

त्यांनी मनात हिशेब केला. "धाकटी आत्ता ज्या वेगाने चाललीय, त्या वेगाने वीस सेकंद."

मी विचार केला. वीस सेकंदांत दुकानासमोर उतरायचं, आणि तोवर काय बोलायचं ते ठरवायचं. दोन दिवस आणि एक रात्रच बरी. बाईंना मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, "फार होतो वेग."

४ जून

वहिनीला म्हटलं, दादाच्या जुन्या वहीत पडद्याचं कापड किती लिहिलंय ते बघून सांग, त्याला कळू देऊ नको. तिने सांगितलं. हुकांचं काही लिहिलेलं नाही. म्हणजे दादाने हुक कधी माझ्या नावावर टाकलेच नव्हते. मग मी तीन वर्षं कोणाशी भांडत होतो?

मी म्हटलं, तिकडे आलो की पडदा उसवून सरळ करून देईन. दर दहा चुण्यांनी बाजू बदलून.

वहिनी म्हणाली, "तुम्ही या तर खरे. मग आईंना फट लागायची नाही."

याचा अर्थ मी अजून लावतोय.

५ जून

जेवणाच्या सुट्टीत पैसे पाठवायच्या खिडकीवर गेलो. अर्जावर कारणाचा रकाना आहे. छापील कारणं चार: घरखर्च, औषधपाणी, शिक्षण, इतर. इतरच्या पुढे एक ओळ रिकामी. तीत मी लिहिलं, "रूळ सरळ होता."

खिडकीतला म्हणाला, "हे कारण होत नाही."

मी म्हटलं, "होतं."

त्याने मागच्या माणसाकडे पाहिलं, मागच्याने खांदे उडवले, मग शिक्का मारला. "हे तिकडे त्यांना असंच छापून जाईल हं."

"जाऊ दे."

"रक्कम?"

कापडाचे चार हजार सहाशे. नवे हुक साठ, दोन दोनचे, एकशे वीस. चार हजार सातशे वीस.